रोग्याची साक्ष

ताप किती आहे हे थर्मामीटर सांगतो, रक्तात साखर किती हे प्रयोगशाळा सांगते, हाड मोडले की नाही हे क्ष-किरणांचे चित्र सांगते. परंतु आमवाताने ज्याची बोटे आखडली आहेत त्याला सकाळी उठल्यावर सदऱ्याच्या गुंड्या लावता येतात की नाही, हे सांगणारे यंत्र नाही. ते सांगणारा एकच, आणि तो म्हणजे स्वतः रोगी. गोष्ट इतकी उघड असूनही ती मान्य करण्यास वैद्यकशास्त्राला विसाव्या शतकाची जवळजवळ आठ दशके लागली. शास्त्राच्या दरबारात रोग्याच्या बोलण्यास साक्षीची किंमत कशी आली, आणि ती साक्ष खरी की खोटी हे पारखण्याच्या रीती कशा निघाल्या, याची हकीकत मोठी बोधप्रद आहे.

रोग जुना आहे. आपल्याकडे माधवनिदानात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण असून, त्यात सांध्यांतील वेदनेस विंचवाच्या दंशाची उपमा दिलेली आहे. युरोपात लांद्रे-बोव्हे या तरुण फ्रेंच वैद्याने १८०० साली पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातील स्त्रियांच्या सांध्यांचे वर्णन आपल्या प्रबंधात केले, आणि १८५९ साली लंडनच्या आल्फ्रेड बेअरिंग गॅरड यांनी या विकारास ‘र्‍हूमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव दिले. हे सर्व निरीक्षक सूक्ष्मदृष्टीचे होते. सूज कोठे, लाली किती, बोटे कोणत्या दिशेस वाकली, याचे वर्णन त्यांनी बारकाईने केले. परंतु रोगी घरी गेल्यावर काय करू शकतो व काय करू शकत नाही, याची मोजदाद करण्याचे कोणास सुचले नाही. सुचण्याचे फारसे कारणही नव्हते. उपचारच जेथे तुटपुंजे, तेथे गुण किती आला हे मोजण्याची घाई कोणास असणार?

ती घाई एकाएकी उत्पन्न झाली, ती १९४८ साली. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेन्च यांनी त्या वर्षीच्या २१ सप्टेंबर रोजी एका एकोणतीस वर्षांच्या स्त्रीस एका नव्या द्रव्याचे पहिले इंजेक्शन दिले. ही स्त्री आमवाताने इतकी जर्जर झालेली होती की तिला चालणे मुष्किलीचे होते. थोड्याच दिवसांत ती उठून चालू लागली आणि आठवडाभरात बाजारहाट करून आली. त्या द्रव्यास पुढे कॉर्टिझोन हे नाव पडले. १९४९ च्या वसंतात हेन्च यांनी आपल्या रोग्यांचे चलचित्र डॉक्टरांच्या सभेत दाखविले, आणि १९५० साली त्यांना केंडाल व राइकस्टाइन या रसायनशास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सभेतील डॉक्टरांचे डोळे विस्फारले ते रक्ताच्या तपासणीचे आकडे पाहून नव्हे; काल जो माणूस बिछान्यातून उठू शकत नव्हता तो आज जिना चढताना दिसतो, हे पाहून. म्हणजे पुरावा होता तो चालण्याबोलण्याचा, कामाचा. मात्र त्या पुराव्यास आकडा नव्हता.

आणि आकड्याची गरज लवकरच भासली. कॉर्टिझोन थांबविले की दुखणे परत येई. चालू ठेवले तर चेहरा सुजे, हाडे ठिसूळ होत. तेव्हा लाभ किती व हानी किती, याचा हिशेब मांडणे भाग पडले. १९४९ च्या जून महिन्यातच न्यूयॉर्कचे डॉ. ओटो स्टाइनब्रोकर व त्यांचे दोन सहकारी यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात रोग्यांचे चार वर्ग पाडून दिले. पहिला, जो आपली सर्व नित्यकर्मे विनासायास करतो तो. दुसरा, जो दुखण्याखुपण्यातही ती पार पाडतो तो. तिसरा, ज्यास आपल्या धंद्यातले किंवा स्वतःच्या देहाचे काम फारच थोडे करता येते तो. आणि चौथा, जो अंथरुणास वा चाकांच्या खुर्चीस खिळला तो. ही विभागणी सोपी होती, आणि सोपी असल्यामुळेच टिकली. तथापि तिच्यात एक मोठी उणीव राहून गेली. बहुतेक रोगी दुसऱ्या वर्गात येत आणि वर्षानुवर्षे तेथेच राहत. एखाद्या स्त्रीला कालपर्यंत वेणी घालता येत नव्हती आणि आज येऊ लागली, हा तिच्या आयुष्यातला केवढा फरक. परंतु डॉक्टरांच्या वहीत ती काल दुसऱ्या वर्गात होती, आजही दुसऱ्याच वर्गात. शिवाय वर्ग ठरविणार डॉक्टर, रोगी नव्हे.

पुढील पंचवीस वर्षे मोजमापाच्या नाना खटपटींत गेली. रक्तदाब मोजण्याच्या यंत्राची पट्टी गुंडाळून, तीत थोडी हवा भरून ती रोग्यास मुठीत दाबावयास सांगत आणि पारा किती चढतो ते पाहत. सोनार बोटांची मापे घेण्यास जी कडी वापरतो तशी कडी घेऊन सुजलेल्या बोटांच्या पेरांचा घेर मोजीत. पन्नास फूट अंतर चालण्यास किती सेकंद लागतात, हे हातात घड्याळ धरून टिपीत. १९६८ साली ग्लासगो येथून ज्याचे वर्णन प्रसिद्ध झाले तो रिची यांचा सांध्यांचा निर्देशांक तर सर्वांत नाट्यमय म्हटला पाहिजे. डॉक्टराने प्रत्येक सांधा दाबावा. रोगी काही न बोलला तर शून्य, ‘दुखते’ म्हणाला तर एक, म्हणून वर तोंड वेडावाकडे केले तर दोन, आणि हातच मागे ओढून घेतला तर तीन. या मापांनी उपयोग झाला नाही असे नाही. ब्रिटनमधील मेडिकल रिसर्च कौन्सिल व नफील्ड प्रतिष्ठान यांच्या संयुक्त समितीने कॉर्टिझोनची तुलना साध्या ॲस्पिरिनशी केली, तेव्हा मुठीचे बळ, हातांचे कौशल्य, कार्यशक्ती अशा मापांचाच आधार घेतला; आणि १९५४ साली निष्कर्ष आला तो असा की, सुरुवातीच्या अवस्थेतील रोग्यांत वर्षअखेर दोन्ही औषधांत फारसा फरक दिसत नाही. ज्या औषधाचा एवढा डंका वाजला त्याची ही गत! नुसत्या चलचित्रावर विसंबून राहिले असते तर हे कळले नसते.

परंतु या मापांत एक मूळचाच दोष होता. सांधा दाबणाराचा अंगठा एकाचा जड, दुसऱ्याचा हलका. त्यामुळे एकाच रोग्यास दोन डॉक्टर दोन निरनिराळे आकडे देत. आणि मुठीचे बळ किती पारा चढविते हे कळल्याने, त्या मुठीने भाकरी थापता येते की नाही हे कळत नाही. वृद्धांच्या शुश्रूषेच्या क्षेत्रात याहून निराळी वाट निघाली होती. क्लीव्हलंड येथील डॉ. सिडनी कॅट्झ यांनी १९६३ साली स्नान, वस्त्र नेसणे, शौचास जाणे, बिछान्यातून उठणे, मलमूत्रावर ताबा व जेवणे, एवढ्या सहाच गोष्टींवरून मनुष्याचे परावलंबन ठरविण्याची रीत प्रसिद्ध केली. सांध्याकडे न पाहता कामाकडे पाहावे, ही दृष्टी तीत होती. मात्र पाहणारा अद्याप परिचारक किंवा डॉक्टरच होता.

रोग्याच्या हाती पेन्सिल देण्याचे काम प्रामुख्याने स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉ. जेम्स फ्राइस यांनी केले. दीर्घकाळ चालणाऱ्या रोगात मनुष्याला कशाची भीती असते, असा साधा प्रश्न त्यांनी घेतला आणि त्याचे उत्तर पाच शब्दांत दिले. इंग्रजीत ते पाचही ‘डी’ या अक्षराने आरंभ होतात : मृत्यू, वेदना, अपंगत्व, औषधांचा अपाय आणि खर्च. रक्तातील अमुक द्रव्य वाढले याची भीती कोणत्याही रोग्यास स्वभावतः नसते; डॉक्टरांनी घातली तर वाटते. या विचारातून १९७८ च्या सुमारास जी प्रश्नपत्रिका तयार झाली तिचे नाव ‘हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर’, संक्षेपाने एच.ए.क्यू. तिची हकीकत १९८० साली ‘आर्थ्रायटिस अँड र्‍हूमॅटिझम’ या नियतकालिकात आली. योगायोग असा की, त्याच अंकात, लगेच पुढल्याच पानापासून, बोस्टनचे डॉ. रॉबर्ट मीनन व त्यांचे सहकारी यांनी याच हेतूने केलेल्या दुसऱ्या एका प्रश्नपत्रिकेचा लेख छापलेला आहे. मीनन यांची पत्रिका अधिक विस्तृत, मनाची उदासीनता व लोकांत मिसळणे यांचाही विचार करणारी. परंतु फ्राइस यांची आटोपशीर होती, आणि दवाखान्याच्या धांदलीत आटोपशीर वस्तूच तग धरते.

एच.ए.क्यू.मधील अपंगत्वाच्या भागात वीस प्रश्न असून त्यांचे आठ गट आहेत : कपडे व केस, उठणे, खाणे, चालणे, स्वच्छता, हात पोहोचणे, पकड, आणि घरकाम-बाजारहाट. गेल्या आठवड्यात ही कामे करताना किती अडचण पडली, एवढेच विचारावयाचे. मुळीच नाही तर शून्य, थोडी तर एक, फार तर दोन, करताच आले नाही तर तीन. प्रत्येक गटातील सर्वांत मोठा आकडा घ्यावयाचा. काठी, विशेष खुर्ची किंवा दुसऱ्या माणसाची मदत लागत असेल तर आकडा किमान दोन धरावयाचा. आणि आठांची बेरीज करून आठाने भागावयाचे. समजा, एखाद्या बाईचे आकडे अनुक्रमे १, २, १, १, २, २, १, २ असे आले. बेरीज बारा, भागाकार दीड. शून्य म्हणजे निर्वेध, तीन म्हणजे पूर्ण परावलंबी. तेव्हा ही बाई बरोबर मध्यावर आहे. चौथीतल्या मुलास जमेल असे हे गणित. परंतु त्यायोगे स्टाइनब्रोकर यांच्या चार खणांच्या जागी पंचवीस पायऱ्यांचा जिना उभा राहिला, आणि वेणी घालता येऊ लागलेली स्त्री त्यावर एक पायरी खाली उतरताना दिसू लागली.

यावर साहजिकच आक्षेप आला. रोगी खरे सांगेल कशावरून? कोणी सहानुभूतीसाठी वाढवून सांगेल, कोणी डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून कमी करून सांगेल. आक्षेप पोकळ नव्हता, आणि त्याचे उत्तर वादविवादाने देण्यासारखेही नव्हते. म्हणून प्रश्नपत्रिकेचीच परीक्षा घेण्याची रीत पडली. परीक्षा घेणाऱ्या कागदाची परीक्षा, ही कल्पना शाळेच्या व्यवहारात सुद्धा थोडी जास्त रुजती तर पुष्कळ मुलांचे कल्याण झाले असते. पण ते असो. पहिली कसोटी स्थिरतेची. रोग्याची स्थिती बदललेली नसताना काही दिवसांनी तीच पत्रिका पुन्हा भरावयास दिली तर उत्तर तेच आले पाहिजे. आज अर्धा, परवा दोन, असे होऊ लागले तर दोष कागदाचा. दुसरी कसोटी यथार्थतेची. कागद जे मोजतो म्हणून सांगतो तेच मोजतो ना? यासाठी रोग्याने लिहिलेले उत्तर आणि त्याने ते काम प्रत्यक्ष करताना दुसऱ्याने पाहिलेले, ही दोन्ही शेजारी ठेवावयाची. तसेच मुठीचे बळ, चालण्याचा वेग, सांध्यांची संख्या यांच्याशी त्याचा मेळ बसतो का ते पाहावयाचे. मेळ बसावा, पण अगदी तंतोतंत नव्हे. तंतोतंत बसला तर नवी पत्रिका हवी कशाला? तिसरी कसोटी बदल ओळखण्याची : औषधाने गुण आला असता आकडा हलला पाहिजे. फ्राइस यांच्या लेखात दिसून आले की, प्रशिक्षित माणसाने मुलाखत घेऊन विचारले काय आणि रोग्याने एकट्याने कागद भरला काय, आकडे सारखेच येतात. तेव्हा त्यांनी कागदच पसंत केला. तो स्वस्त, आणि दोन परीक्षकांत मतभेद होण्याची भीती नाही.

खरा दणका मात्र पुढे बसला. टेनेसी राज्यातील व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे डॉ. थिओडोर पिंकस यांनी आमवाताच्या पंचाहत्तर रोग्यांवर नऊ वर्षे नजर ठेवली आणि १९८४ साली फलित प्रसिद्ध केले. कामावर असलेल्यांपैकी बहुसंख्यांचे काम सुटले होते आणि मृत्यूंचे प्रमाण अपेक्षेहून अधिक होते. आरंभी ज्यांची कार्यशक्ती सर्वांत क्षीण होती, त्यांतच मृत्यू अधिक झाले. तोवर डॉक्टर मंडळी हा रोग ‘त्रासदायक पण जीवघेणा नव्हे’ असे समजत. कपडे घालता येतात का, नळ फिरविता येतो का, असल्या घरगुती प्रश्नांच्या उत्तरांतून आयुष्याच्या दोरीचे अनुमान निघते, हे पाहून पुष्कळांना आपली समजूत बदलावी लागली. पुढल्याच वर्षी पिंकस व त्यांच्या सहकारी लेई कॅलाहन यांनी आणखी एक गोष्ट दाखविली : ज्यांचे शालेय शिक्षण कमी, त्यांची या रोगात अधिक हानी होते व तेच अधिक मरतात. शाळा सांधे बरे करीत नाही. पण शिकलेल्याला बैठे काम मिळते, औषधाची वेळ व सूचना समजते, डॉक्टरांना प्रश्न विचारण्याचे धैर्य येते. कारणपरंपरा काहीही असो, हा निष्कर्ष कोणाही शिक्षकास अस्वस्थ करील असा आहे.

एकदा वाट पडल्यावर पत्रिकांचे पीक आले. गुडघा व खुबा यांच्या झिजेसाठी कॅनडातील डॉ. निकोलस बेलामी यांनी वोमॅक नावाची चोवीस प्रश्नांची पत्रिका केली. तिची कसोटी १९८८ साली प्रसिद्ध झाली. पाठीचा कणा ताठ होणाऱ्या रोगासाठी इंग्लंडमधील बाथ येथे १९९४ साली दहा प्रश्नांची पत्रिका निघाली. त्यात पायमोजे घालणे, जमिनीवरचे पेन उचलणे, अंग न वळविता खांद्यावरून मागे पाहणे, असे प्रश्न आहेत. बाथ हे उन्हाळ्यांचे, म्हणजे ऊन पाण्याच्या झऱ्यांचे गाव. संधिवाताचे रोगी तेथे शतकानुशतके डुंबत आले. त्यांच्या पायमोज्यांचा विचार व्हावयास १९९४ उजाडले! पत्रिका फार झाल्या तेव्हा एकवाक्यतेची गरज पडली. १९९२ साली नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे ‘ओमेरॅक्ट’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या परिषदांपैकी पहिली भरली, आणि १९९३ साली अमेरिकन संधिवाततज्ज्ञांनी औषधांच्या परीक्षेसाठी सात मापे नक्की केली. त्या सातांतील तीन, वेदना, कार्यशक्ती व एकंदर प्रकृतीविषयीचे मत, ही रोग्याच्याच तोंडची आहेत. पुढे जैविक औषधे आली; ती गुणकारी खरी, पण अतिशय महाग. ब्रिटनमध्ये सरकारी खर्चाने अशी औषधे द्यावीत की नाहीत हे ठरविताना जे हिशेब मांडतात त्यांत एच.ए.क्यू.चा आकडा येतो. यात सुमारे ०.२२ इतका फरक पडला तरच तो रोग्यास जाणवणारा समजतात. पत्रिकेची एक पायरी ०.१२५ ची, म्हणजे निदान दोन पायऱ्या हव्यात. एका पायरीने बरे वाटलेल्या मनुष्याने काय करावे, हा प्रश्न गणिताच्या बाहेरचा आहे.

२००२ साली ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे भरलेल्या ओमेरॅक्टच्या सहाव्या परिषदेस प्रथमच रोगी प्रतिनिधी म्हणून बोलाविण्यात आले. त्यांनी सांगितले की, आम्हांस सर्वांत छळतो तो थकवा, आणि तुमच्या सात मापांत तो कोठेच नाही. तज्ज्ञांची दहा वर्षे मापे ठरविण्यात गेली होती! त्यानंतर थकव्याच्याही पत्रिका झाल्या व त्यांच्याही कसोट्या झाल्या.

आता भाषेचा आणि देशाचा प्रश्न. स्टॅनफर्डच्या कागदावर विचारलेले आहे : मांस कापता येते का? दुधाचा नवा खोका उघडता येतो का? टबात बसून स्नान करता येते का? अंगणातील गवताचे काम जमते का? हा कागद जसाच्या तसा भाषांतर करून सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बाईपुढे ठेवला तर ती काय उत्तर देणार? भाषांतराच्याही रीती ठरलेल्या आहेत. फ्रान्समधील गिलमँ आणि कॅनडातील बोंबार्डिए व बीटन यांनी १९९३ साली त्या मांडून दाखविल्या : एकाने इकडून तिकडे भाषांतर करावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते उलट फिरवावे, दोन्ही ताडून पाहावीत, मंडळीने बसून शब्द ठरवावेत, आणि मग रोग्यांवर चाचणी घ्यावी. परंतु शब्द अचूक उतरला तरी क्रियाच परकी असेल तर काय उपयोग? आपल्याकडील माणूस दिवसातून कितीदा तरी जमिनीवर बसतो व उठतो. खुर्चीवरून उठण्यास ज्याला त्रास नाही, पण ज्याला उकिडवे बसता येत नाही, तो परदेशी कागदावर धडधाकट ठरतो आणि घरी मात्र शौचास जाण्याच्या विवंचनेने रात्रीचे जेवण टाळतो.

ही उणीव भारतीय डॉक्टरांनी ओळखली. डॉ. कुमार, डॉ. मालवीय आणि त्यांचे सहकारी यांनी एच.ए.क्यू.ची भारतीय आवृत्ती कसून तपासून २००२ साली ‘र्‍हूमॅटॉलॉजी’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केली. तिच्यात बाराच प्रश्न आहेत. उकिडवे बसणे किंवा जमिनीवर मांडी घालणे हा त्यांतला एक. रिक्षात चढणे-उतरणे हा दुसरा. भाजीबाजारात खरेदी करणे, तीन किलोमीटर चालणे, जिना चढणे हे आणखी काही. पुण्यातील सेंटर फॉर र्‍हूमॅटिक डिसीजेस येथे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेलामींची गुडघ्याची पत्रिकाही भारतीय राहणीस अनुसरून बदलून घेतली. याच मंडळींनी १९९६ साली उजनीच्या फुगवट्याजवळील भिगवण गावी घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. शंभरांत सुमारे अठरांनी सांध्यांची वा स्नायूंची दुखणी सांगितली. आमवाताचे प्रमाण त्यांत अल्प, झीज व अंगदुखीच फार. दवाखान्यापर्यंत न पोहोचणाऱ्यांची साक्ष घ्यावयाची तर अशी दारी जाऊनच घ्यावी लागते.

साक्ष घेण्यातही खाचा आहेत. ‘करता येते का’ आणि ‘करता का’ हे दोन प्रश्न वेगळे. सासूबाईंना विचारावे, कणीक मळता येते का. त्या म्हणणार, ‘ते सूनच करते.’ हे उत्तर शून्य की तीन? ज्यांना वाचता येत नाही त्यांना प्रश्न वाचून दाखवावा लागतो, आणि वाचणारा बहुधा घरातलाच मुलगा. त्याच्यादेखत आई ‘जमतं की’ म्हणते, कारण जमत नाही असे म्हणणे म्हणजे घरावर ओझे टाकणे असे तिला वाटते. म्हणून वाचणारा परका असावा, प्रश्न ठरलेल्या शब्दांतच विचारावा आणि उत्तर सुचवू नये. या बाबतीत कागदापेक्षा कागद धरणाराची तालीम अधिक महत्त्वाची आहे.

कामेही बदलत आहेत. फोनच्या काचेवर बोट फिरविणे हे काम स्टॅनफर्डच्या यादीत नव्हते. जात्यावर दळणे आज थोड्याच घरी उरले आहे. भारतीय पत्रिकेत नळाची तोटी फिरविण्याचा प्रश्न आहे, भरलेली कळशी उचलण्याचा नाही. ज्या गावी नळ आठवड्यातून एकदाच येतो तेथे तो घालावयाचा झाला, तर वाढलेल्या पत्रिकेची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागेल : काही रोगी निवडून, त्यांना आज विचारून, आठ-दहा दिवसांनी तेच पुन्हा विचारून, आणि एकदा प्रत्यक्ष कळशी त्यांच्यापुढे ठेवून.